रस्त्यावरील दुर्बीण

दुर्बीण हा शब्द उच्चारला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. दूर कोठें तरी डोंगरमाथ्यावर पांढरा घुमट आहे, त्याला कुलूप आहे, आंत यंत्रांची गर्दी आहे, आणि त्या यंत्रांपाशीं एखादा विद्वान् पुरुष रात्रभर आंकडे मांडीत बसला आहे. आपला आणि त्याचा संबंध इतकाच, कीं त्यानें कांहीं शोध लावला म्हणजे सकाळच्या वर्तमानपत्रांत आपण तो वाचावा. हें चित्र खोटें आहे असें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाला दुसरीहि एक बाजू आहे. ती घुमटाखालीं घडली नाहीं. ती रस्त्यावर, गच्चीवर, टेकडीवर, आणि एकदां तर एका मठाच्या आवारांत घडली. आपली दुर्बीण उचलून चव्हाट्यावर मांडणारे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, पाहा" म्हणून हांक मारणारे जे हौशी लोक होऊन गेले, त्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आरंभ इंग्लंडांतील बाथ या गांवापासून करूं. साल १७७९, डिसेंबर महिन्याची अखेर. विल्यम हर्शेल हे मूळचे जर्मनींतील हानोव्हरचे. बाथच्या एका प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजविणें आणि लोकांना संगीत शिकविणें हा त्यांचा चरितार्थ. दिवसभर सूर आणि रात्रभर तारे असा त्यांचा क्रम होता. मनासारखी दुर्बीण विकत मिळेना, म्हणून धातूचे आरसे स्वतःच्या हातांनीं घासून त्यांनीं दुर्बिणी तयार केल्या होत्या. त्या रात्रीं चंद्र घराच्या पुढील बाजूस होता. मागील अंगणांतून तो दिसेना. तेव्हां त्यांनीं आपली सात फुटी दुर्बीण सरळ रस्त्यावर आणून मांडली आणि चंद्रावरील डोंगरांचें निरीक्षण चालविलें. इतक्यांत एक गृहस्थ वाटेनें जातां जातां थबकले. हर्शेल यांनीं डोळा बाजूला करतांच, आपणांसहि एकदां पाहूं द्यावें अशी त्यांनीं विनंती केली. हर्शेल यांनीं ती आनंदानें मान्य केली.

ते गृहस्थ म्हणजे रॉयल सोसायटीचे सभासद डॉ. विल्यम वॉटसन. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आभार मानण्यासाठीं हर्शेल यांच्या घरीं आले. त्या भेटींतून आजन्म स्नेह जडला. वॉटसन यांनीं त्यांना बाथच्या नव्या विद्वत्सभेंत नेलें आणि त्यांचे निबंध लंडनला पोंचते केले. पुढें १७८१ सालच्या मार्चच्या १३ तारखेला हर्शेल यांना शनीच्या पलीकडचा नवा ग्रह, युरेनस, सांपडला, तेव्हां या अपरिचित संगीतशिक्षकाचा शब्द ऐकून घेणारीं माणसें लंडनमध्यें अगोदरच तयार होतीं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला क्षणभर दुर्बीण दिली, एवढीच मूळची गोष्ट. दुर्बीण दाखविणारा देतो आणि पाहणारा घेतो असें आपण समजतों; प्रत्यक्षांत देणें-घेणें दोन्ही बाजूंनीं चालतें, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

यानंतर पाऊणशें वर्षांनीं लंडनच्या रस्त्यांवर दुर्बीण हा एक धंदाच होऊन बसला होता. हेन्री मेह्यू या लेखकानें लंडनमधील गरीब कष्टकऱ्यांना भेटून त्यांच्या जबान्यांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत अशा एका दुर्बीणवाल्याची हकीकत आली आहे. हा मनुष्य पेशानें शिंपी. कपडे शिवून पोट भरावें, आणि आकाश निरभ्र असेल त्या रात्रीं दुर्बीण रस्त्यांत मांडून एका पेनीला एक वेळ ग्रहचंद्र दाखवावे, असा त्याचा परिपाठ. या धंद्याला हंसण्याचें कारण नाहीं. एका पेनीला शनीचीं कडीं, हा सौदा कांहीं महाग म्हणतां येणार नाहीं. परंतु जेथें पैसा आला तेथें घाईहि आली. पाहणारा हा गिऱ्हाईक झाला, आणि त्याच्या मागें दुसरें गिऱ्हाईक उभें राहिलें. शिवाय खिशांत ती एक पेनी नसलेला मनुष्य रांगेबाहेरच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी ज्योतिर्विदांचीं मंडळें निघूं लागलीं. लंडनमध्यें १८९० सालीं ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें १९१६ पर्यंत स्त्रियांना सभासद करून घेतलें नव्हतें. या नव्या मंडळानें आपलीं दारें त्यांना पहिल्यापासून उघडीं ठेवलीं. एक कुंपण पडलें. तथापि दुसरें कुंपण जागच्या जागींच होतें, आणि तें दुर्बिणीच्या किंमतीचें. मोठी दुर्बीण ही श्रीमंतांनाच परवडावी अशी वस्तु होती.

हें कुंपण मोडण्यास आरंभ केला तो अमेरिकेंतील व्हर्मांट राज्यांतील स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गांवानें. तेथील रसेल पोर्टर हे उत्तर ध्रुवाकडील सफरींत अनेक वर्षें घालविलेले चित्रकार आणि यंत्रकुशल गृहस्थ. १९२० सालीं त्यांनीं गांवांतील पंधरा पुरुष आणि एक स्त्री यांना दुर्बिणीचा आरसा घासण्याचें शिक्षण देण्यास सुरुवात केली. हे बहुतेक यंत्रकारखान्यांत काम करणारे लोक. ज्योतिषशास्त्राचा त्यांना गंधहि नव्हता, परंतु हाताला बारीक मापाची संवय होती. आरसा घासण्याची कृति ऐकण्यास अगदीं साधी आहे. कांचेच्या दोन गोल चकत्या घ्यावयाच्या, त्यांच्यामध्यें पाणी आणि धारदार चूर्ण घालावयाचें, आणि वरची चकती खालचीवर पुढें-मागें घासावयाची. कांहीं वेळानें वरची चकती आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर होते. मग चूर्ण अधिकाधिक बारीक करीत जावयाचें आणि शेवटीं डांबरासारख्या राळेच्या थरावर तिला झिलई द्यावयाची. साधेपणा एवढाच. कारण या पृष्ठभागाचा आकार एका मिलिमीटरच्या सुमारें चौदा हजाराव्या भागापर्यंत अचूक असावा लागतो. असला बिनचूकपणा माणसाच्या दोन हातांना साधतो हें प्रथम खरें वाटत नाहीं. तरी तो हजारों हातांना साधला आहे.

१९२३ सालीं या मंडळींनीं आपली संस्था स्थापन केली आणि जवळच्या टेकडीवर एक घर बांधलें. त्याला त्यांनीं स्टेलाफेन, म्हणजे ताऱ्यांचें देऊळ, असें नांव दिलें. १९२५ सालीं एका विख्यात शास्त्रीय मासिकांत या देवळावर लेख आला आणि देशभर लोक तळघरांत कांचा घासूं लागले. १९२६ सालीं त्या टेकडीवर पहिला मेळावा भरला; ती प्रथा अद्याप चालू आहे. खुद्द पोर्टर यांना १९२८ सालीं कॅलिफोर्नियाला बोलावणें आलें आणि पालोमारच्या दोनशें इंची महादुर्बिणीच्या आराखड्यांना त्यांचा हात लागला. हौस आणि शास्त्र यांच्यामधील भिंत किती पातळ असते, हें यावरून दिसून येईल.

तरीदेखील एक गोष्ट उरलीच होती. स्टेलाफेनला येणारा मनुष्य हा मुळांतच आकाशाचा भुकेला होता. ज्याला अशी भूक आहे हेंच ठाऊक नाहीं, जो दुकानांतून भाजी घेऊन घरीं चालला आहे, त्याचें काय? त्याच्यासाठीं दुर्बीण कोणी न्यावयाची? या प्रश्नाचें उत्तर ज्या पुरुषानें आपल्या आयुष्यानें दिलें, त्याची कथा आपल्या देशांतील एका विचारधारेशींहि निगडित आहे.

१९१५ सालच्या सप्टेंबरांत पेकिंग शहरीं एका मिशनरी कुटुंबांत जॉन डॉब्सन यांचा जन्म झाला. १९२७ सालीं तें कुटुंब सॅन फ्रान्सिस्को येथें येऊन राहिलें. डॉब्सन यांनीं बर्कले येथें रसायनशास्त्राचा अभ्यास करून १९४३ सालीं पदवी मिळविली. तरुणपणीं ते कडवे निरीश्वरवादी होते. पुढें सहज म्हणून एका वेदान्ती स्वामींच्या व्याख्यानाला गेले, आणि तेथें त्यांच्या मनाला अनपेक्षित कलाटणी मिळाली. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटी ही १९०० सालीं स्वामी विवेकानंदांनीं स्थापिलेली संस्था. तिच्या मठांत १९४४ सालीं डॉब्सन दाखल झाले. पुढील तेवीस वर्षें ते रामकृष्ण संघाचे व्रतस्थ साधक म्हणून राहिले.

मठांत त्यांच्याकडे एक वैचारिक कामगिरी होती. वेदान्ताचा सिद्धान्त आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ कसा बसतो, तें त्यांनीं शोधावें. डॉब्सन यांना वाटूं लागलें, कीं विश्वाविषयीं बोलावयाचें तर तें अगोदर डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. १९५६ सालीं जुन्या बाजारांतील एक भिंग आणि मोडक्या दुर्बिणीचें डोळ्याजवळील भिंग जोडून त्यांनीं एक लहानशी दुर्बीण केली. तिच्यांतून शनीचीं कडीं दिसलीं. मग जहाजाच्या गोल खिडकीची जाड कांच मिळवून त्यांनीं बारा इंची आरसा घासला. बारा इंची आरसा माणसाच्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षां सुमारें दीड-दोन हजार पट प्रकाश गोळा करतो. ती दुर्बीण प्रथम चंद्राकडे रोखली, तेव्हां आपण जणूं त्या भूमीवर उतरतच आहों असा त्यांना भास झाला. त्याच क्षणीं त्यांच्या मनांत आलें, कीं हें प्रत्येकानें पाहिलें पाहिजे.

आपण येथें थोडें थांबूं. इतकें सुंदर दृश्य दिसल्यावर सामान्यतः मनुष्याला काय वाटतें? तें आपल्याजवळ असावें, पुन्हां पुन्हां आपणच पाहावें. या साधकाला पहिली आठवण झाली ती तेथें नसलेल्या माणसांची. ही वृत्ति त्यांना वेदान्तानें दिली, कीं ती त्यांच्या स्वभावांतच होती, याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. परंतु एकटा मुक्त होऊन काय मिळवावयाचें, हा प्रश्न आपल्या संतपरंपरेला नवा नाहीं, एवढें ध्यानांत घ्यावें.

१९५८ सालीं त्यांना सॅक्रामेंटो येथील मठांत पाठविण्यांत आलें. तेथें आवारांतील दुर्बीण चाकांवर बसवून ते रात्रीं ती बाहेर ढकलीत नेऊं लागले. आळींतील मुलें जमूं लागलीं, मुलांमागून त्यांचे आईबाप आले. कित्येकांनीं स्वतः दुर्बिणी करण्याचा ध्यास घेतला. मठाला मात्र हा प्रकार मानवणारा नव्हता, आणि डॉब्सन यांना त्याची जाणीव होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मठांतील एका स्नेह्याशीं ते या विषयावर सांकेतिक भाषेंत पत्रव्यवहार करीत. ती भाषा होती बागेची. जिरॅनियम हें फुलझाड म्हणजे दुर्बीण. कुंडींत लावलेलें जिरॅनियम म्हणजे नळींत बसविलेली दुर्बीण. आणि फुललेलें जिरॅनियम म्हणजे जिच्या आरशावर अॅल्युमिनियमचा चकचकीत मुलामा चढला आहे अशी पूर्ण दुर्बीण. पत्र उघडून वाचणाऱ्यास वाटावें, कीं या साधकाला फुलांचें फार वेड आहे.

हा लपंडाव किती दिवस चालणार? मठाच्या बाजूनेंहि विचार केला पाहिजे. संघाचें जीवन शिस्तीवर उभें असतें. ध्यानाच्या वेळीं ध्यान आणि कामाच्या वेळीं काम, हा नियम एकट्यासाठीं सैल करतां येत नाहीं. सांजवेळीं मठाबाहेर राहणारा साधक हा वरिष्ठांपुढें खरा प्रश्नच होता. दुर्बिणी सोडा, नाहीं तर मठ सोडा, असा पेंच त्यांच्यापुढें आला. तेव्हां त्यांनीं दुर्बिणी सोडण्याचें कबूल केलें, कारण मठ त्यांना प्रिय होता. तरीहि अखेर १९६७ सालीं त्यांना मठांतून बाहेर पडावें लागलें. वय बावन्नाच्या घरांत; जवळ पैसा नाहीं, घर नाहीं, नोकरी नाहीं. ज्या दृश्यासाठीं त्यांनीं हें सारें गमावलें तें मात्र रोज रात्रीं आकाशांत विनामूल्य उभें होतें.

ते सॅन फ्रान्सिस्कोला परत आले. स्नेह्यांच्या घरीं जमिनीवर निजावें, मिळेल तें खावें, आणि रात्रीं जॅक्सन आणि ब्रॉडरिक या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर दुर्बीण मांडावी, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. १९६८ सालीं दोन तरुण शिष्यांच्या साहाय्यानें त्यांनीं एक मंडळ काढलें. त्यांपैकीं एकानें लहान वयांतच बारा इंची दुर्बीण स्वतः बनविली होती. परंतु वयाच्या अटीमुळें गांवांतील जुन्या मंडळांत त्याला प्रवेश मिळत नव्हता. म्हणून या नव्या मंडळानें अट अशी ठेवलीच नाहीं. त्याचें नांव सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स, म्हणजे पदपथावरील ज्योतिर्विद. पाहण्याला पैसा नाहीं आणि पाहणाऱ्याला पात्रतेचा प्रश्न नाहीं. वाटेवर असणें हीच पात्रता.

आतां या दुर्बिणीच्या बांधणीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण डॉब्सन यांचा विचार त्या बांधणींत उतरलेला आहे. त्या काळीं हौशी मनुष्याची दुर्बीण साधारण सहा ते आठ इंची असे. तिचा आरसा जाड, नळी धातूची, आणि बैठक लोखंडी. ती बैठक पृथ्वीच्या आंसाशीं समांतर जुळवावी लागे, म्हणजे एका दिशेनें फिरवून ताऱ्याच्या मागोमाग जातां येई. छायाचित्रें घेण्यास ही योजना उत्तम. पण ती जड, महाग, आणि रस्त्यावर नेण्यास अगदीं निरुपयोगी. डॉब्सन यांनीं ती सरळ बाजूला ठेवली. आरशासाठीं जहाजाच्या खिडकीची कांच घेतली. नळीसाठीं सिमेंटचे गोल खांब ओततांना कारागीर वापरतात ती जाड पुठ्ठ्याची नळी घेतली. ती नळी प्लायवुडच्या खोक्यांत बसविली आणि खोकें एका लांकडी पाटावर ठेवलें. खोकें डावी-उजवीकडे फिरतें आणि नळी वर-खालीं होते, बस्स. मध्यें टेफ्लॉनचे लहान तुकडे घातले. त्यामुळें बोटानें ढकललें कीं दुर्बीण सहज सरकते आणि बोट काढलें कीं जागच्या जागीं थांबते. ना पेंच, ना दांतेरी चाकें.

जाणत्या लोकांनीं प्रथम नाकें मुरडलीं. इतका पातळ आरसा स्वतःच्याच भारानें वांकेल असें त्यांचें म्हणणें. परंतु पातळ आरसाहि नीट टेकवून ठेवला तर काम देतो हें डॉब्सन यांच्या दुर्बिणींनीं दाखवून दिलें. पाहतां पाहतां चोवीस इंची दुर्बीण गाडींत घालून गांवोगांव नेतां येऊं लागली. या बांधणीचे हक्क त्यांनीं स्वतःकडे राखून ठेवले नाहींत. तोफा शेंकडों वर्षें अशाच बैठकीवर फिरत आल्या आहेत, त्यांत आपलें असें काय आहे, असें ते थट्टेनें म्हणत. आज जगांत ही जात डॉब्सोनियन या नांवानेंच ओळखली जाते. दुकानदार ती विकतात आणि शाळकरी मुलें ती घरीं बनवितात. तोफेची बैठक घेऊन तिच्यावरून चंद्र दाखवावा, ही कल्पना किती समर्पक आहे पाहा.

१९७० नंतरच्या दशकांत हें मंडळ शहराबाहेर निघालें. योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, डेथ व्हॅली अशा राष्ट्रीय उद्यानांत उन्हाळ्यांत लोक सुटी घालविण्यास जात. तेथील काळोख्या रात्रींत ही मंडळी दुर्बिणी मांडून बसत. अशी एक गोष्ट सांगतात, कीं एका उद्यानाच्या अधिकाऱ्यानें त्यांना अडविलें. आकाश हा कांहीं उद्यानाचा भाग नव्हे, असें त्याचें म्हणणें. डॉब्सन यांनीं शांतपणें उत्तर दिलें, कीं तें खरें, परंतु उद्यान हा आकाशाचा भाग आहे. त्या उत्तरांत विनोद आहे, तसा वेदान्तहि आहे. आपण आकाशाखालीं राहतों असें आपणांस वाटतें. वास्तविक आपण आकाशांतच राहतों.

डॉब्सन यांचीं सर्वच मतें बरोबर होतीं असें म्हणतां येणार नाहीं. विश्वाच्या उत्पत्तीविषयीं शास्त्रज्ञांनीं मान्य केलेला महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना पटत नसे. त्यांचा स्वतःचा निराळा विचार होता आणि शास्त्रज्ञांनीं तो स्वीकारला नाहीं. पण रस्त्यावरच्या रांगेंत उभा असलेला मनुष्य त्यांचें मत घेण्यासाठीं आलेला नसे. त्याला ते फक्त दुर्बिणीपाशीं नेत आणि तो घरीं जाई तो स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें घेऊन. दुर्बीण केवढी आहे, कितीं सुबक आहे, याला त्यांच्या लेखीं फारसें महत्त्व नव्हतें. किती माणसांनीं तिच्यांतून पाहिलें, हेंच तिचें मोल असें ते सांगत. उत्तरायुष्यांत हॉलिवुडच्या वेदान्त सोसायटींत ते दरवर्षी कांहीं काळ राहत आणि तेथें विश्वरचनेचे व दुर्बीण बनविण्याचे वर्ग चालवीत. एका मठाचें दार मिटलें होतें; दुसऱ्या एका वेदान्ती घरानें दुर्बिणीसकट त्यांना आंत घेतलें. २०१४ सालच्या जानेवारींत वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. १८८८ सालीं येथील विज्ञान महाविद्यालयांत भावनगरच्या महाराजांच्या नांवें तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे चालक होते. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळीं भारतांतील सर्वांत मोठी होती. १८९८ सालच्या जानेवारींत जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवालांनीं घेतले. परंतु १९१२ सालीं ते निवृत्त झाले, आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण खोक्यांत भरून दक्षिणेंत कोडाईकनालला गेली. एक माणूस उठला आणि एका शहराचें आकाश बंद झालें.

तें पुन्हां उघडलें तें सामान्य नागरिकांनीं. महाराष्ट्रांत आकाशाची गोडी नव्हती असें नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं 'ज्योतिर्विलास' लिहून मराठी वाचकाला तारे दाखविले होते. लोकमान्य टिळकांनीं मृगनक्षत्राच्या आधारानें वेदकालाचा विचार करणारा आपला ग्रंथ १८९३ सालीं प्रसिद्ध केला होता. उणीव होती ती एकत्र जमण्याची. १९४४ सालच्या ऑगस्टच्या २२ तारखेला, दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी ज्योतिर्विदांची भारतांतील ही सर्वांत जुनी संस्था. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर तिची वेधशाळा आहे, हा योग मोठा उचित आहे. पुढें हॅलेचा धूमकेतु १९८६ सालीं परत आला, त्या सुमारास मुंबईचें खगोल मंडळ उभें राहिलें आणि शहरांतील लोकांना वांगणीच्या काळोखांत रात्रभर जागवूं लागलें.

या मंडळांनीं काय केलें, हें मोजावयाचें असेल तर दोन ग्रहणें शेजारीं शेजारीं ठेवावींत. १९८० सालच्या फेब्रुवारीच्या १६ तारखेला भारतांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्या दुपारीं देशांतील अनेक शहरांचे रस्ते ओस पडले होते; लोक दारें-खिडक्या लावून घरांत बसले. पंधरा वर्षांनीं, १९९५ सालच्या ऑक्टोबरच्या २४ तारखेला, तसेंच ग्रहण राजस्थानापासून बंगालपर्यंत दिसलें. या खेपेस हजारों माणसें गाड्या धरून त्या पट्ट्यांत गेलीं आणि भर सकाळीं झालेली ती रात्र डोळे भरून पाहून आलीं. भय पार गेलें असें मी म्हणत नाहीं. परंतु ग्रहण हें लपण्याचें नव्हे, पाहण्याचें आहे, हें असंख्य घरांत पोंचलें. डोळ्यांना इजा न होतां सूर्य कसा पाहावा, हें हौशी मंडळांनीं शाळाशाळांतून फिरून शिकविलें, त्याचा या बदलांत मोठा वांटा होता. भीति उपदेशानें जात नाहीं. शेजारचा मनुष्य निर्धास्तपणें पाहतांना दिसला म्हणजे ती जाऊं लागते.

आज एक नवीनच कुंपण उभें राहत आहे, आणि तें आपणच बांधीत आहों. आपल्या शहरांच्या दिव्यांनीं आकाश इतकें उजळून निघतें कीं आकाशगंगा दृष्टीस पडत नाहीं. शहरांत वाढणाऱ्या कित्येक मुलांनीं ती कधीं पाहिलेलीच नाहीं. देवयानींतील तेजोमेघाचा प्रकाश सुमारें पंचवीस लक्ष वर्षें प्रवास करून येथवर येतो, आणि अखेरच्या क्षणीं आपल्या रस्त्यावरील दिव्याच्या झगमगाटांत बुडून जातो. तथापि चंद्र, गुरु आणि शनि यांना अजून हे दिवे हरवूं शकलेले नाहींत. भर शहरांत, दिव्याच्या खांबाखालींसुद्धां, ते दुर्बिणींतून स्वच्छ दिसतात. म्हणूनच रस्त्यावरील दुर्बिणीला आज पूर्वीपेक्षांहि अधिक अर्थ आहे. ज्याला एकदां शनीचीं कडीं दिसलीं, त्याला उरलेलें आकाश कोठें गेलें हा प्रश्न आज ना उद्यां पडतोच.

अशा एखाद्या सायंकाळीं दुर्बिणीच्या रांगेजवळ उभें राहून पाहावें. शनि पाहिलेला मनुष्य बहुतेक वेळां मान वर करून नळीच्या तोंडाकडे पाहतो. आंत चित्र तर चिकटविलेलें नाहीं ना, अशी त्याला शंका येते. मग तो पुन्हां एकदां वांकतो, आणि या खेपेस कांहीं बोलत नाहीं. बाथच्या रस्त्यावर थबकलेल्या त्या गृहस्थांपासून आजपर्यंत त्या मौनाची भाषा एकच आहे.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं एखादी दुर्बीण माळ्यावर धूळ खात पडली असेल, तर ती खालीं काढा. अष्टमीच्या सुमाराचा चंद्र निवडा. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्या नसल्यामुळें डोंगर दिसत नाहींत, अष्टमीला ते उठून दिसतात. दुर्बीण गच्चीवर नेऊं नका, फाटकाबाहेर आणा. पहिला येईल तो कदाचित् दूधवाला असेल, रखवालदार असेल, खेळून घरीं परतणारा मुलगा असेल. त्याला कांहीं समजावून सांगण्याची घाई करूं नका. फक्त बाजूला सरा आणि त्याला जागा द्या.